दूध सुटलेल्या बाळाचा लाडू

श्रीखंडावर चार दाणे, बासुंदीत चिमूटभर, लग्नाच्या खिरीत थोडी सढळ. चारोळीला आजच्या मराठी स्वयंपाकघरात एवढंच काम उरलं आहे. शोभेचा दाणा. पण सुमारे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकग्रंथात या दाण्याला पहिला मान आहे, आणि तो सणासुदीच्या गोडासाठी नाही. आईच्या दुधावरून उतरलेल्या बाळाला काय खाऊ घालावं, या प्रश्नाच्या उत्तरात वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या उत्तरस्थानात, अगदी पहिल्याच अध्यायात, तीन लाडू सांगितले. त्यातल्या पहिल्या लाडवाची यादी चारोळीच्या गरापासून सुरू होते.

या श्लोकांशी वऱ्हाडचं नातं दुहेरी आहे. ‘अष्टांगहृदया’ची जी आवृत्ती वैद्य आणि संशोधक गेली कित्येक दशकं प्रमाण मानत आले, ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने 1939 साली काढली आणि तिचे संपादक होते अकोल्याचे भिषगाचार्य हरिशास्त्री पराडकर. अरुणदत्त आणि हेमाद्री या दोघांच्या टीकांसह त्यांनी ती सिद्ध केली. आणि त्या लाडवांतलं महत्त्वाचं सामान अकोल्याच्या उत्तरेला, नरनाळ्याच्या डोंगरापासून चिखलदरा-धारणीपर्यंत पसरलेल्या मेळघाटात झाडांवर लागतं. श्लोक शुद्ध करणारा अकोल्याचा, सामान अमरावतीच्या रानातलं, आणि बाळाचं कुपोषण ही त्याच रानाची जुनी जखम. हे तीन धागे एका ठिकाणी आले की या लाडवाची कुळकथा नीट उलगडून पाहावीशी वाटते.

बाळाच्या पहिल्या घासाचा बाकीचा इतिहास बऱ्यापैकी ओळखीचा आहे. आश्वलायन गृह्यसूत्र सहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगतं आणि बापाच्या इच्छेनुसार बोकडाचं मांस, तित्तिर पक्ष्याचं मांस किंवा तूपभात असे पर्याय देतं. सुश्रुतालाही सहावा महिनाच मान्य. अन्न हलकं आणि हिताचं असावं, एवढीच त्याची अट. काश्यपसंहिता मात्र वेगळी वाट धरते: सहाव्या महिन्यात फळं, धान्याचं अन्न दहाव्याच्या सुमारास. आपल्याकडच्या उष्टावणात मामाची मांडी, चांदीची वाटी आणि खिरीचं बोट आलं. घरोघरी त्यापुढे खिमट, मुगाच्या वरणाचं पाणी, ज्वारीच्या कण्या, दुधात कुस्करलेली पोळी. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली सहा महिने निव्वळ आईचं दूध आणि मग वरचं अन्न, असा नियम पक्का केला.

वाग्भटाचा प्रश्न याच्या पुढचा आहे. त्याचं बाळ पहिला घास घेणारं नाही. ते रांगून उभं राहू लागलेलं, दात आलेलं, अंगावरचं दूध सुटलेलं आहे. त्याच्यासाठी तो शब्द वापरतो ‘अपस्तन’. आणि त्याला तो पेज देत नाही, लाडू देतो.

पहिला लाडू पोषणाचा: चारोळीचा गर, मधुक, मध, लाह्या आणि खडीसाखर. दुसरा भूक वाढवणारा: कोवळं बेलफळ, वेलची, साखर आणि लाह्यांचं पीठ. तिसरा पोट बांधणारा: धायटीची फुलं, साखर आणि लाह्या. ही मांडणी करणाऱ्या माणसाने मुलं जवळून पाहिली होती. दूध सुटण्याचा काळ आणि जुलाबाचा काळ एकच असतो, हे आधुनिक वैद्यकाने पंजाबातल्या खेड्यांच्या अभ्यासातून 1963 साली ठळकपणे मांडलं. वाग्भट पोषणाच्या लाडवाशेजारीच जुलाब थांबवणारा लाडू ठेवतो. ही जोडी योगायोगाने पडलेली नाही.

आता वादाचा मुद्दा. ‘मधुक’ म्हणजे काय?

मेळघाट माहीत असलेल्या माणसाच्या तोंडून पहिलं उत्तर निघेल: मोह. मोहाचं संस्कृत नाव मधूक. चार (म्हणजे चारोळीचं झाड), मोह, बेल, धायटी ही झाडंझुडपं सातपुड्याच्या रानात शेजारी शेजारी वाढतात. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात, चाराची फळं त्यानंतर एप्रिल-मेमध्ये पिकतात. सुकवलेलं मोहाचं फूल साखरेने भरलेलं असतं. लाडू वळायला त्याहून चांगला चिकटा नाही. मोह मानला तर सगळा लाडू एकाच रानातला, एकाच उन्हाळ्यातला ठरतो. मेळघाटातल्या कोरकू आदिवासी माणसाने सांगितलेली पाककृती एखाद्या वैद्याने ऐकली आणि ती फिरत फिरत वाग्भटाच्या श्लोकात आली, असं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. चित्र मोहक आहे, म्हणूनच त्याला कसून तपासायला हवं.

समोरच्या पक्षाचं म्हणणं: मधुक म्हणजे ज्येष्ठमध. वैद्यमंडळींचा सर्वसाधारण कल याच बाजूला आहे. ऱ्हस्व ‘धु’ असेल तर ज्येष्ठमध, दीर्घ ‘धू’ असेल तर मोह, असा ढोबळ नियम. यावर मोहवाद्यांचं उत्तर तयार असतं. हस्तलिखितांत ऱ्हस्व-दीर्घाची गफलत नवी नाही, आणि ऱ्हस्व मधुकही कोशांत मोहाच्या अर्थाने सापडतो. मग नकलकाराच्या लेखणीतून एक मात्रा सुटली असेल, तर?

याचा निकाल वनस्पतिशास्त्र देऊ शकत नाही, छंद देतो. श्लोक अनुष्टुभात आहे. आठ अक्षरांच्या विषम चरणात पाचवं अक्षर लघू, सहावं-सातवं गुरू, ही नेहमीची चाल. ‘मधुक’ ज्यात येतो, त्या चरणात पाचवं, सहावं, सातवं ही तिन्ही अक्षरं लघू येतात. ही ‘विपुला’ नावाची मान्य सवलत आहे, आणि तिच्यासाठी चौथं अक्षर गुरू असावं लागतं, तेही इथे बरोबर आहे. सातव्या जागी ‘धु’च्या ऐवजी ‘धू’ घातला की पाचवं-सहावं लघू आणि सातवं गुरू अशी चाल होते, आणि ती कुठल्याच सवलतीत बसत नाही. वाग्भटासारखा छंदावर हुकमत असलेला कवी-वैद्य ती करणार नाही. म्हणजे एवढं नक्की की त्याने ‘मधुक’च लिहिलं, नकलकाराचा यात काही दोष नाही.

मोहाकडे उरतो तो कोशातला दुय्यम अर्थ. तो अशक्य नाही, पण त्याच्या विरोधात एक जिवंत साक्षीदार उभा आहे: बाळगुटी. हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ यांच्या जोडीने ज्येष्ठमधाचं कांडं सहाणेवर उगाळून आईच्या दुधातून बाळाला चाटवण्याची रीत अकोला-अमरावतीच्या घरांतही आहे. लहान मूल आणि ज्येष्ठमध यांची सोबत आजतागायत सुटलेली नाही. मोहाची अशी सोबत मराठी घरांत दिसत नाही.

शिवाय वाग्भट सिंधू प्रदेशातला मानला जातो. ज्येष्ठमध इराण-अफगाणिस्तानच्या बाजूची मुळी. सिंधच्या वैद्याला ती सहज मिळणारी. तेव्हा पहिल्या लाडवात रानाचा दाणा आणि व्यापाऱ्याची मुळी एकत्र आली आहेत, हा अर्थ अधिक भक्कम ठरतो. मोहाचा हट्ट सोडला तरी रानाचा दावा मोडत नाही. चार, बेल आणि धायटी राहतातच, आणि चार तर पहिल्या जागी. शेतात पिकणारे तीळ हाताशी असताना लाडवासाठी रानातलीच बी का निवडली? सुचणारं उत्तर एकच: ज्यांच्या रानात ती बी होती, त्यांची मुलं ती खाऊन धडधाकट राहताना कुणी तरी पाहिली होती.

चाराच्या नावाची गोष्टही इथेच सांगायला हवी. संस्कृत वैद्यकात या झाडाचं रुळलेलं नाव प्रियाल, पण निघंटूंत त्याचा पर्याय म्हणून ‘चार’ही येतं. मराठीने प्रियाल सोडला आणि चार धरला. विदर्भात फळ म्हणजे चार, आतली बी म्हणजे चारोळी, आणि ‘ळ’चा ‘य’ करणाऱ्या वऱ्हाडी जिभेवर चारोयी. ‘चार’ हा शब्द मुळात रानातल्या एखाद्या बोलीतून संस्कृतात शिरला असावा, असं मानायला मन होतं. दरबारी नाव एक आणि झाड रोज पाहणाऱ्यांचं नाव दुसरं, असं वनस्पतींच्या बाबतीत वारंवार घडलं आहे.

आता दाण्याकडे. चारोळीत निम्म्याच्या आसपास तेल असतं आणि पाचव्या हिश्श्याच्या आसपास प्रथिनं. बाळाच्या दृष्टीने याला फार मोठा अर्थ आहे. मुलाच्या पोटात एका वेळी त्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण 30 ग्रॅम अन्न मावतं. आठ किलोच्या बाळाला म्हणजे एक लहान वाटी. आईचं दूध सरासरी प्रमाणात चालू असतानाही 12 ते 23 महिन्यांच्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे 550 कॅलरी लागतात. दूध तुटलं की त्याहून किती तरी जास्त. पातळ पेजेत बहुतेक पाणीच असतं. पोट भरतं, मूल वाळत जातं. पिष्टाच्या एका ग्रॅममधून चार कॅलरी मिळतात, तेलाच्या एका ग्रॅममधून नऊ. छोट्या पोटात मोठं बळ भरायचं, तर तेलबीशिवाय सोपा रस्ता नाही.

1990 च्या दशकात फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियाँ आणि मिशेल लेस्कान यांनी ‘प्लंपीनट’ बनवलं: शेंगदाण्याचं कूट, दूधपावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं. 92 ग्रॅमच्या पुडीत 500 कॅलरी. त्यात पाणी नाही, त्यामुळे जंतू वाढत नाहीत. शिजवावं लागत नाही, त्यामुळे दूषित पाण्याचा प्रश्न येत नाही. तीव्र कुपोषणाच्या उपचाराची पद्धत त्याने जगभर बदलली. आता वाग्भटाचा पहिला लाडू पुन्हा पाहावा: तेलबीचा गर, आधीच फुलवून पचायला सोप्या केलेल्या लाह्या, मध, खडीसाखर. पाण्याचा थेंब नाही, चूल नाही. एकाने दुसऱ्यावरून घेतलं, असं कुणी म्हणणार नाही, पण दोघांना सापडलेलं तत्त्व एकच आहे. आणि वाग्भटाचा ग्रंथ अकराव्या शतकात तिबेटी भाषेतही गेला, म्हणजे हा लाडू चाराचं झाड नसलेल्या हिमालयापलीकडच्या मुलखातही निदान वाचला तरी गेला.

लाह्यांबाबत वऱ्हाडने आपली दुरुस्ती केलेली दिसते. जुन्या वैद्यकातल्या लाह्या साळीच्या. वऱ्हाड ज्वारीचं, नागपंचमीला इथे ज्वारीच्या लाह्या फुटतात. लाडू या मातीत आणायचा तर ज्वारीच्याच लाह्यांचं पीठ घ्यावं. मधाबाबत आजचं शास्त्रही लक्षात ठेवावं: वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून होणारा बोट्युलिझम 1976 पासून ओळखला गेला आहे. दूध सुटलेलं बाळ बहुधा वर्षापुढचं असतं, तरी वय पाहूनच द्यावं. साखरही हात आखडूनच बरी. दाणे अख्खे कधीच नकोत, घशात अडकतात. वाटून आणि कुस्करूनच.

मग हा लाडू मेळघाटातल्या मुलांच्या ताटात का नाही? महाराष्ट्रात एकात्मिक बाल विकास योजना 1975 साली सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या पहिल्या जागांत मुंबईची धारावी होती आणि मेळघाटची धारणी होती. पुढे 1990 च्या दशकात मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरलं. 2015 पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण देते, आणि मुलांसाठी पुढे अंडी-केळी आली. हे सगळं आवश्यकच आहे. पण या साऱ्या प्रवासात चारोळी त्या रानातून उलट्या दिशेने बाहेर पडत राहिली. केंद्राने गौण वनोपजाच्या आधारभावात 2020 साली कवचासकट चारोळीला किलोमागे 126 रुपये ठरवले. फोडलेला गर शहरातल्या किराणा दुकानात त्याच्या कित्येक पटींनी विकला जातो. ज्या घरात तो गोळा होतो, तिथे तो विकण्याचा माल आहे. मुलाला खाऊ घालणं म्हणजे बाजाराचे पैसे खाणं. ही अडचण उपदेशाने सुटणार नाही.

सुटू शकते ती खरेदीने. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या अंगणवाड्यांसाठी गावातलीच चारोळी गावातच, बाजारभावाने विकत घ्यावी. जात्यावर कवच फोडून गर काढणाऱ्या बायांना त्या कामाची मजुरी द्यावी. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातले बालरोगतज्ज्ञ यांनी चारोळी-ज्वारीलाहीच्या लाडवाचं प्रमाण ठरवून तो वर्षापुढच्या मुलांवर रीतसर तपासून पाहावा. मापात उतरला तर तो मेनूत घ्यावा, नाही उतरला तर तेही छापून सांगावं. श्लोक अकोल्याच्याच एका वैद्याने शुद्ध करून ठेवला आहे. पुढचं काम अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हा परिषदांचं आहे.