कॉम्रेड्स : नोंदवहीबाहेरचे धावपटू

१/ दक्षिण आफ्रिकेतील डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या शहरांना जोडणाऱ्या डोंगराळ रस्त्यावर ‘कॉम्रेड्स मॅरेथॉन’ होते. अंतर सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे नेहमीच्या मॅरेथॉनच्या दुपटीहून अधिक.

२/ ही कल्पना व्हिक क्लॅफम यांची. पहिल्या महायुद्धात ते पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर होते. मृत सोबत्यांचे स्मारक दगडी नसावे, माणसाच्या सहनशक्तीची कसोटी हेच स्मारक व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. माजी सैनिकांच्या संघटनेने आधी नकार दिला. १९२१ मध्ये संमती मिळाली.

३/ २४ मे १९२१ रोजी ३४ जण पीटरमॅरित्झबर्गहून निघाले. डर्बनला १६ जण पोहोचले. विजेते बिल रोवन यांना ८ तास ५९ मिनिटे लागली.

४/ पण ‘सोबती’ म्हणजे कोण? पूर्व आफ्रिकेच्या त्याच मोहिमेत हजारो आफ्रिकी हमाल रसद वाहताना मेले. तरीही शर्यतीत प्रवेश मात्र गोऱ्या पुरुषांनाच होता. १८९३ मध्ये गांधीजींना रेल्वेच्या डब्यातून उतरवले गेले, तेही याच पीटरमॅरित्झबर्गच्या स्थानकावर.

५/ १९२३ मध्ये फ्रान्सेस हेवर्ड यांचा अर्ज फेटाळला गेला. तरीही त्या धावल्या आणि ११ तास ३५ मिनिटांत पोहोचल्या. पदक मिळाले नाही. प्रेक्षकांनी व सहधावकांनी त्यांना चांदीचा चहासंच भेट दिला.

६/ १९३५ मध्ये रॉबर्ट म्चाली हे कृष्णवर्णीय धावपटू सुमारे साडेनऊ तासांत पोहोचले. अधिकृत निकालात त्यांचे नाव आले नाही.

७/ १९४८ नंतर वर्णभेद हेच सरकारी धोरण झाले. १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने दक्षिण आफ्रिकेला बाहेर काढले. बहिष्काराचा फास आवळत असताना, १९७५ च्या पन्नासाव्या शर्यतीत स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांना प्रथमच अधिकृत प्रवेश मिळाला. १९८९ मध्ये सॅम त्शाबालाला हे पहिले कृष्णवर्णीय विजेते ठरले.

८/ २०१९ पासून नऊ ते दहा तासांच्या दरम्यान शर्यत पूर्ण करणाऱ्यांना ‘रॉबर्ट म्चाली पदक’ दिले जाते. १९३५ ची त्यांची वेळ याच टप्प्यात बसते. ज्यांच्या धावण्याची नोंदही झाली नाही, त्यांचे नाव आज दरवर्षी इतरांच्या गळ्यात पडते.