मॉनिटर, नायक, दादा

गुरुजी पंचायत समितीत मीटिंगला गेले की दोन शिक्षकी शाळेत काय होतं, हे श्रीगोंदा तालुक्यातल्या वाडीवस्तीवर शिकलेल्या माणसाला सांगायला नको. उरलेल्या बाई एका खोलीत थोरल्यांना घेऊन बसतात आणि पहिली-दुसरीच्या पोरांवर चौथीतला एक जण नेमला जातो. त्याच्या हाती खडू येतो. तो फळ्याच्या कोपऱ्यात 'बोलणारी मुले' असं लिहितो, खाली रेघ ओढतो आणि नावं टिपायला लागतो. काल गोट्यांवरून ज्याच्याशी भांडण झालं, त्याचं नाव सगळ्यात वर. मीही तो खडू धरलेला आहे आणि त्या कोपऱ्यात माझंही नाव लागलेलं आहे. खडू धरण्यातली मजा जास्त होती, हे कबूल करतो.

या पोराला आपण मॉनिटर म्हणतो. शब्द इंग्रजांचा म्हणून चालही त्यांचीच, असं वाटतं. ते तितकंसं खरं नाही.

अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासच्या एग्मोर भागात सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवत होता. एकदा त्यानं देशी शाळेतली पोरं वाळूवर बोटानं अक्षरं गिरवताना पाहिली. आपल्या धूळपाटीचंच हे भावंड. त्यानं ही रीत आपल्या शाळेत आणायची ठरवली, पण पगारी मास्तर काही मनावर घेईनात. तेव्हा त्यानं जॉन फ्रिस्कन या आठ वर्षांच्या मुलालाच धाकट्यांच्या वर्गावर बसवलं आणि वर्ग चालला. विलायतेत परतल्यावर १७९७ मध्ये बेलनं यावर पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरनं शाळा काढली आणि एका मास्तरावर शेकडो पोरं शिकवून दाखवली. शोध कुणाचा, यावरून दोघांच्या पक्षांत पुढं कित्येक वर्षं भांडण चाललं. ज्या मातीतल्या शाळेकडे पाहून हे सुचलं, तिची बाजू मांडायला मात्र कुणी नव्हतं.

आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत थोरला पोरगा पुढं उभा राहून पावकी-निमकी म्हणायचा आणि बाकीचे त्याच्यामागं ओरडायचे. त्या शाळेची दारं सगळ्यांना उघडी नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं. मुंबईत १८१५ मध्ये निघालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळांनी बेलची पद्धत घेतली. म्हणजे आपलीच चाल समुद्र ओलांडून गेली आणि टोपी घालून परत आली.

पण पोरं सांभाळायची कशी, हे या मॉनिटरला फारसं कुणी शिकवत नव्हतं. धडा त्याला माहीत असायचा, पण धाकटं पोर रडायला लागलं तर काय करायचं, हे माहीत नसायचं. स्वस्तात काम होतं म्हणून तो नेमलेला. फळ्यावर नावं लिहिणारा आपला चौथीतला गडी थेट त्याच्याच वंशातला.

पोरांच्या हाती पोरं द्यायची तर आधी थोरल्याला तयार करावं लागतं, हे उमगायला आणखी अर्धं शतक गेलं. इंग्लंडमध्ये १८४६ पासून तेरा वर्षांच्या मुलामुलींना पाच वर्षं उमेदवारी करायला लावून शिक्षक घडवायला सुरुवात झाली. इकडे त्याच सुमाराला सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या बाई आपल्या नगरात मुलींची शाळा चालवत होत्या. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं असतं. १८४८ मध्ये त्या पुण्यात भिडे वाड्यात शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचं वय होतं सतरा. आपण त्यांना पहिल्या शिक्षिका म्हणून नमस्कार करतो आणि पुढं जातो. आजच्या हिशेबानं त्या बारावीतल्या मुलीएवढ्या होत्या, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

शाळेबाहेरची शाखा वेगळी, आणि मला विचाराल तर खरी ओळ तीच. दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंग गावाला १८९९-१९०० मध्ये सात महिने वेढा पडला होता. तिथं निरोप पोचवायला पोरांचं पथक केलं होतं, त्याचा म्होरक्या तेरा वर्षांचा. इंग्रज फौजेचा सेनापती बेडन-पॉवेल हे पाहत होता. १९०७ मध्ये त्यानं ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं, त्यांच्या चार टोळ्या पाडल्या आणि प्रत्येक टोळीवर त्यांच्यातलाच एक नायक नेमला. टोळीची सगळी जबाबदारी नायकाची, शिस्तीचीसुद्धा. मोठ्या माणसानं आधी नायकांना तयार करायचं आणि नायकांनी टोळीला. मॉनिटर आणि नायक यांच्यातला फरक इथं पडला. मॉनिटर गुरुजींचा माणूस असतो. नायक टोळीचा असतो आणि त्याला बोलणी बसतात ती टोळीसमोर.

१९१६ मध्ये धाकट्यांसाठी 'कब' आले. त्यांचा सगळा थाट किपलिंगच्या 'जंगल बुक'वरून उचललेला. ते जंगल नागपूरपलीकडच्या शिवनीचं, आणि त्यातल्याच लांडग्यावरून कबांच्या म्होरक्याचं नाव आजही बऱ्याच देशांत 'अकेला'. मुलींच्या धाकट्या पथकाला आपल्याकडं 'बुलबुल' म्हणतात. हिंदुस्थानात स्काउट १९०९ मध्ये आले, पण हिंदी मुलांना त्यात शिरकाव नव्हता. म्हणून अॅनी बेझंट यांनी १९१६ मध्ये वेगळी संघटना काढली. तीही मद्रासला, म्हणजे या गोष्टीत मद्रास दुसऱ्यांदा आलं. पुढं मालवीय आणि कुंझरूंची सेवा समिती आली, आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी सगळ्यांची मिळून भारत स्काउट्स अँड गाईड्स झाली.

महाराष्ट्रात मात्र या चालीनं घर केलं ते मैदानावरच्या शाखेत. नागपूरला १९२५ मध्ये संघ निघाला. त्याच्या शाखेत गटनायक बहुधा गटाहून वर्षा-दोन वर्षांनीच मोठा. विचारानं अगदी दुसऱ्या टोकाचं राष्ट्र सेवा दल ४ जून १९४१ रोजी पुण्यात उभं राहिलं आणि दलप्रमुख झाले एस. एम. जोशी. त्याची मुळं ना. सु. हर्डीकरांच्या १९२३ च्या हिंदुस्थानी सेवा दलात. सेवा दलात मुलं-मुली एकत्र, आणि शाखा चालवणारा बऱ्याचदा कॉलेजातही न पोचलेला. वर्षभर तो शाखा चालवायचा आणि सुट्टीत शिबिराला जायचा. तिथं शिट्टी कशी वाजवायची, कवायत कशी द्यायची, समूहगीत कसं बसवायचं, खेळात हरलेल्याला परत मैदानात कसं आणायचं, हे शिकायचा. बेचाळीसच्या चळवळीत मोठे तुरुंगात किंवा भूमिगत झाले. तेव्हा मिसरूडही न फुटलेल्या पोरांवर किती भिस्त होती, ते कळलं. या दोन शाखांचं राजकीय वैर सगळ्यांना ठाऊक आहे. मैदानावरची रीत मात्र दोन्हीकडे इतकी सारखी, की शिट्टी ऐकून शाखा कुणाची ते ओळखू येऊ नये.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग काढलं आणि तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. स्वयंपाक, पाणी, झाडलोट मुलांच्याच अंगावर. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची शाळा श्रीगोंद्यातही आहे, महादजी शिंद्यांच्या नावाची. पुण्यात १९६२ मध्ये आप्पा पेंडशांनी ज्ञानप्रबोधिनी काढली. तिथल्या दलांवर संध्याकाळी धाकट्यांना खेळवणारे ताई-दादा असतात. ही हाक मला फार महत्त्वाची वाटते. श्रीगोंदा हे संत शेख महंमदांचं गाव, गुरुपरंपरा इथं कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पण गुरूच्या पाया पडतात आणि दादाच्या पाठीवर बसतात. तालमीत वस्ताद एकच असतो, पण धाकट्यांचे जोर मोजतो तो थोरला पठ्ठ्याच.

सरकारही या वाटेवर आलं. ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव किशोरवयीन मुलामुलींतूनच बरोबरीच्यांना समजावणारे निवडायचं ठरलं. निवडीत आशाताईचा हात. पाळी, पंडुरोग, व्यसन, मनातली घालमेल हे विषय पोरं मोठ्यांपुढं काढत नाहीत, आपसांत काढतात. कागदावर तरी हे सरकारला उमगलेलं आहे.

या सगळ्या वंशावळीत एक मुलगी कुठंच बसत नाही. उसाचं गाळप सुरू झालं की आपल्या तालुक्यातल्या फडांवर बीड-पाथर्डीकडचे कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, येतात. पहाटे आई-बाप फडात जातात आणि कोपीवर मागं राहते दहा-बारा वर्षांची ताई. कडेवर एक, बोटाला दुसरं, शेजारच्या कोपीतली आणखी दोन-तीन. दिवसभर ती चार-पाच पोरांची टोळी सांभाळते. तिला कुणी शिबिराला पाठवलेलं नाही, तिच्या गळ्यात स्कार्फ नाही, आणि तिची स्वतःची शाळा मागं गावी राहिलेली. तिचं कौतुक करणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाहीत. नायकपण संध्याकाळी तासभर अंगावर घ्यायचं असतं. दिवसभराचं झालं की ती मजुरीच.

मीटिंगला निघणाऱ्या गुरुजींना एवढंच सांगणं आहे. त्या चौथीतल्या पोराच्या हातात खडू देऊ नका. आदल्या दिवशी त्याला बाजूला घेऊन दोन खेळ आणि एक गोष्ट शिकवा, आणि फळ्याचा तो कोपरा पुसून जा.