‘इटलीत’ म्हणजे कुठे?

नाईक यशवंत घाडगे याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस दिल्याची घोषणा २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये आहे. सुरुवात मोघम : इटलीत, १० जुलै १९४४ रोजी, ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका कंपनीने शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला केला. इटलीत म्हणजे कुठे? गाव, नदी, टेकडी, कशाचेच नाव नाही. युद्ध चालू असताना छापलेल्या कागदाकडून तशी अपेक्षाही करू नये. पण ठिकाणाबाबत हात आखडणारा हा कागद पुढच्या चार-पाच वाक्यांत, जेमतेम काही मिनिटांच्या घटनेबद्दल, कमालीचा नेमका होतो.

यशवंतच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि तो सोडून बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. तो एकटाच ठाण्यावर धावला. आधी हातबॉम्ब टाकला. मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी झाले. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिने ठेचून मारले. शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या ठाण्यातच त्याने प्राण सोडला.

मशीनगनवर चार माणसे होती. गॅझेट हा आकडा देत नाही, तो बेरजेतून निघतो. छाती आणि पाठ या दोन शब्दांतूनही थोडे कळते : गोळ्या दोन बाजूंनी आल्या असाव्यात, किंवा पहिली लागल्यावर तो वळला असावा. काहीही झाले असो, ते ठाणे एकटेदुकटे नव्हते. त्याची राखण करणारे नेमबाज जवळपास दबा धरून होते.

मॅगझिनचा तपशील मला सगळ्यात खरा वाटतो. टॉमीगन सेक्शन कमांडरकडे असे, बाकीच्या बहुतेकांकडे रायफली. तिचे वजन साडेचार-पाच किलो. रिकामे मॅगझिन काढायचे, पाऊचमधून भरलेले घ्यायचे, खाचेत बसवायचे. काम काही सेकंदांचे. समोरची माणसे हाताच्या अंतरावर असली तरच तेवढेही सेकंद परवडत नाहीत. शिवाय गोळ्या झाडून झालेल्या बंदुकीची नळी तापलेली असते. ती त्याने मुठीत धरली. शौर्यपदकाच्या मजकुरातली विशेषणे ठरलेली असतात, पण ‘मॅगझिन बदलायला वेळ नव्हता’ हे कचेरीत बसून सुचत नाही. ते कोणीतरी पाहिलेले असणार. बरोबर यायला कोणी उरलेले नाही हे तो पुरते जाणून होता, असेही तोच मजकूर सांगतो. हे कोणी पाहिले? तो लिहिणाऱ्याचा अंदाज आहे. बरोबरही असेल, पण पाहिलेली गोष्ट आणि ताडलेली गोष्ट एका तागडीत घालता येत नाही.

ठिकाणासाठी गॅझेट बाजूला ठेवून मोहिमेचा इतिहास उघडावा लागतो. ४ जून १९४४ ला रोम पडले. जर्मन फौजा गॉथिक लाइनकडे मागे सरत होत्या, पण जाताना प्रत्येक डोंगरधार लढवत होत्या. मेजर जनरल डेनिस रीड यांची १०वी भारतीय डिव्हिजन टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून उत्तरेकडे चढत होती. मोंतोने हे तिथले डोंगरमाथ्यावरचे गाव जुलैच्या सुरुवातीला हाती आले. चित्ता दि कास्तेल्लो पडायला २२ जुलै उजाडला. यशवंतची ३री बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती. १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनला लढलेली ही बटालियन पुढे स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. आजची २ पॅरा ती हीच.

यशवंतचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. जिल्हा तेव्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ चे. गॅझेटात नाव आले तेव्हा तेविसावा वाढदिवस चौदा दिवसांवर होता. पदक दिल्लीत व्हॉइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी त्याच्या विधवा पत्नीच्या हाती दिले. शेजारच्या महाडला १० सप्टेंबर १९४२ रोजी तहसील कचेरीवर मोर्चा गेला होता आणि त्यावर गोळीबार झाला होता. दोन्ही गोष्टी एकाच मुलखातल्या, दोन वर्षांच्या अंतरातल्या. त्यांची सांगड घालून कोणाला मोठे-लहान ठरवण्याची घाई मला नाही. पण एकीबद्दल लिहिताना दुसरी गाळणे बरे दिसत नाही.

कबरस्थानांच्या नोंदींत तो कासिनोच्या स्मारकावर आहे. मोहिमेत मेलेल्या, पण कबर ठाऊक नसलेल्या राष्ट्रकुलातल्या ४,००० हून अधिक सैनिकांची नावे तिथे संगमरवरावर कोरलेली आहेत. फील्ड मार्शल अलेक्झांडर यांनी ३० सप्टेंबर १९५६ रोजी त्याचे अनावरण केले. इकडे गॅझेट म्हणते, तो जिंकलेल्या ठाण्यात मरण पावला. म्हणजे ती जागा आपल्याच माणसांच्या ताब्यात होती, आणि तरीही कबर नाही. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की अर्थ लावायचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

माणगावात तहसील कचेरीच्या आवारात त्याचा पुतळा आहे. दाखले, उतारे घ्यायला आलेली माणसे त्याच्यासमोरून जातात. गॅझेटातला ‘यशवंत घाडगे’ इकडे ‘यशवंतराव’ झाला आहे. बाविसाव्या वर्षी गेलेल्या नाईकाला हा ‘राव’ सरकारने नव्हे, मुलखाने लावला.

इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा भारतीय फौजेतल्या सैनिकांना. सहांतले दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीचे : यशवंत, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर लढलेले नामदेव जाधव, जे जिवंत परतले. भारतीय फौजेचे ५,७८२ जण मात्र त्या मोहिमेत कामी आले.

गॅझेटने गाळलेले खोरे दगडावर यायला ७९ वर्षे लागली. जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी यशवंत घाडगेच्या नावाने एक स्मारक उभारले. ते पुतळ्याच्या रूपात नाही, सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. रेखांशांचा हिशेब केला तर मोंतोने आणि माणगाव यांच्यात सुमारे ६१ अंशांचे अंतर भरते, म्हणजे सूर्याच्या चालीने चार तास. माणगावच्या पुतळ्यावर ऊन माथ्यावर येते, तेव्हा मोंतोनेत सूर्याच्या हिशेबाने सकाळचे आठ वाजलेले असतात.