लाईट गेली तरी फाईल शाबूत कशी राहते? लिनक्समधली फाईल आणि नेटवर्कची सुरक्षा, सोप्या भाषेत

राहुरी : सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, आधारची स्कॅन कॉपी, बँकेचं पासबुक. गेल्या काही वर्षांत गावातल्या माणसाचे निम्मे कागद कुठल्यातरी संगणकात किंवा मोबाईलमध्ये जाऊन बसले आहेत. हे कागद तिथे नेमके कसे ठेवले जातात, कोण वाचू शकतं आणि मधेच लाईट गेली तर त्यांचं काय होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

सेवा केंद्राच्या काऊंटरवर बहुधा विंडोज असतं. पण खिशातल्या अँड्रॉइड मोबाईलच्या मुळाशी लिनक्स आहे, घरातले बरेचसे वायफाय राऊटर लिनक्सवर चालतात आणि जगातले सगळ्यात वेगवान ५०० महासंगणक २०१७ च्या नोव्हेंबरपासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी त्याच यादीत २०२० साली ६३ व्या क्रमांकावर होता. सी-डॅकनेच सरकारी कार्यालयांसाठी बॉस नावाची भारतीय लिनक्स प्रणाली बनवली आणि ती मराठीतही चालते. त्यामुळे लिनक्समध्ये झालेली सुधारणा ही लांबची गोष्ट नाही.

फाईलवरचे आकडे

लिनक्समध्ये प्रत्येक फाईलला मालक असतो, एक गट असतो आणि बाकीचे सगळे. या तिघांना काय करता येईल ते तीन आकड्यांत लिहिलेलं असतं. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. म्हणजे ६४४ असेल तर मालक वाचू-लिहू शकतो, इतर फक्त वाचू शकतात. ६०० असेल तर मालक सोडून कुणालाच काही दिसत नाही.

नवी फाईल तयार होताना कोणते हक्क कापायचे ते 'उमास्क' नावाची सेटिंग ठरवते. पुष्कळ ठिकाणी ती ०२२ असते, म्हणून फाईल ६४४ ची होते, म्हणजे त्या संगणकावर खातं असलेल्या कुणालाही वाचता येते. ०७७ केली की फाईल ६०० ची. उबुंटूमध्ये तर २०२१ च्या एप्रिलपर्यंत एका माणसाचं घरचं फोल्डर दुसऱ्याला उघडून बघता येत होतं. २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्यांसाठी ते बंद झालं. इतकी साधी गोष्ट व्हायला इतकी वर्षं लागली, हे नवलच.

इथे एक बारीक मेख आहे. काही प्रोग्राम आधी फाईल उघडी तयार करतात आणि मग तिला कुलूप लावतात. मधला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका असेल, पण टपून बसलेल्या प्रोग्रामला तेवढा पुरतो. आधी धान्य खळ्यावर ओतायचं आणि मग राखणदार शोधायचा, तसलाच प्रकार. बरोबर पद्धत अशी की फाईल जन्मालाच ६०० ची आली पाहिजे.

चावडीवरचं फोल्डर

लिनक्समध्ये 'टेम्प' नावाचं एक सामायिक फोल्डर असतं. गावच्या चावडीसारखं, तिथे कुणीही कागद ठेवू शकतो. दुसऱ्याचा कागद उचलून फेकता येऊ नये म्हणून त्याला एक खास खूण असते, तिला 'स्टिकी बिट' म्हणतात. पण तेवढ्याने भागत नाही.

समजा एखादा प्रोग्राम दरवेळी 'बिल-१' याच नावाने तात्पुरती फाईल करतो. वाईट हेतूच्या माणसाने आधीच त्या नावाची एक पाटी तिथे लावून ठेवली आणि पाटीवर लिहिलं की 'खरी फाईल पलीकडच्या तिजोरीत आहे'. मोठे हक्क असलेला प्रोग्राम बिनधास्त पाटीमागे जातो आणि तिजोरीतलीच फाईल पुसून टाकतो. संगणकाच्या भाषेत ही पाटी म्हणजे सिम्बॉलिक लिंक.

यावर उपाय टप्प्याटप्प्याने आले. प्रोग्रामने नाव अंदाज न येणारं घ्यायचं आणि 'या नावाचं आधी काही असेल तर फाईल करूच नको' अशी अट घालायची, हा जुना आणि आजही पहिला नियम. २०१२ च्या लिनक्स ३.६ मध्ये अशा फोल्डरमधल्या परक्या पाटीमागे जाण्यावर बंदी घालायची सोय आली. २०१३ च्या ३.११ मध्ये तर नावच नसलेली तात्पुरती फाईल करता येऊ लागली. नावच नाही तर पाटी लावणार कशावर? २०१८ च्या ४.१९ मध्ये दुसऱ्याने आधीच करून ठेवलेल्या साध्या फाईलींपासूनही बचाव आला. संगणक सुरू होताना सगळ्या सेवा उभ्या करणाऱ्या 'सिस्टम-डी'ची आणखी एक सोय आहे. एखाद्या सेवेला तिचं स्वतःचं वेगळं टेम्प फोल्डर देता येतं. चावडी सामायिक राहते, पण त्या सेवेची खोली वेगळी.

लाईट गेली की काय होतं

राहुरी तालुक्यात हा भाग सगळ्यात जवळचा. फाईल लिहिताना मधेच लाईट गेली तर जुनं पुसलं गेलेलं असतं आणि नवं अर्धवट असतं. २००९ साली उबुंटूच्या नव्या आवृत्तीची चाचणी घेणाऱ्यांनी एक्स्ट-४ ही त्या वेळची नवी फाईल-व्यवस्था वापरली आणि संगणक अचानक बंद पडल्यावर त्यांच्या सेटिंगच्या फाईली शून्य आकाराच्या झालेल्या सापडल्या. व्यवस्था लिखाण थोडं थांबवून एकदम डिस्कवर टाकत होती. प्रोग्राम लिहिणारे समजत होते की लिहिलं म्हणजे उतरलं. चूक कुणाची, यावर बरीच खडाजंगी झाली. शेवटी एक्स्ट-४ मध्येही दुरुस्ती झाली.

भरवशाची पद्धत अशी. जुन्या फाईलला हात लावायचा नाही. त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने नवी फाईल पूर्ण लिहायची, ती खरोखर डिस्कवर उतरली याची खात्री करायची आणि मग एका झटक्यात नाव बदलून जुन्याच्या जागी बसवायची. लाईट कधीही जावो, जुनी तरी पूर्ण असते नाहीतर नवी तरी. शेतातल्या सेन्सरची माहिती गोळा करणारे छोटे संगणक असोत की दूध संकलनाचा हिशेब, वीज बेभरवशाची असेल तिथे ही पद्धत नसलेला प्रोग्राम घेऊ नये.

नेटवर्कमध्ये काय सुधारलं

पूर्वी संगणकात दोन नेटवर्क कार्ड असली की त्यांना इथ-० आणि इथ-१ अशी नावं मिळायची. ती सुरू होण्याच्या क्रमावर ठरायची, त्यामुळे संगणक पुन्हा चालू केल्यावर कधी अदलाबदल व्हायची. बाहेरच्या दारासाठी लावलेला नियम मग आतल्या दाराला लागायचा. २०१३ च्या जानेवारीत सिस्टम-डीच्या १९७ व्या आवृत्तीने कार्ड कुठल्या खाचेत आहे त्यावरून नाव द्यायला सुरुवात केली. 'वरचं शेत' म्हणण्याऐवजी गट नंबर सांगितल्यासारखं. नावं वाचायला किचकट झाली, जुन्या लोकांनी कुरकूरही केली, पण घोटाळा थांबला. पुढच्याच वर्षी सिस्टम-डीमध्ये नेटवर्क सांभाळणारा स्वतंत्र भागही आला.

फाईल आणि नेटवर्क हे दोन विषय एकत्र येतात ते पासवर्डपाशी. वायफायचा पासवर्ड किंवा खाजगी जोडणीची किल्ली शेवटी एका फाईलमध्येच लिहिलेली असते. उबुंटूच्या 'नेटप्लॅन' या साधनात नेमकी इथेच चूक सापडली. ते पुढे जी फाईल तयार करायचं ती त्या संगणकावरच्या कुणालाही वाचता येत होती आणि वायरगार्ड जोडणीची खाजगी किल्ली त्यात उघडी होती. सीव्हीई-२०२२-४९६८ या क्रमांकाने ही त्रुटी नोंदली गेली. दुरुस्ती २०२४ मध्ये मिळाली. आता हक्क सैल असतील तर नेटप्लॅन स्वतःच इशारा देतं. 'नेटवर्क मॅनेजर' याबाबत आधीपासून कडक आहे. जोडणीची फाईल इतरांना वाचता येत असेल तर तो ती घेतच नाही.

मोबाईलवर याचा उपयोग

अँड्रॉइड प्रत्येक ॲपला लिनक्सचा वेगळा वापरकर्ता समजतं, म्हणून एका ॲपची आतली फाईल दुसऱ्याला उघडता येत नाही. अँड्रॉइड ७ पासून ॲपने स्वतःची फाईल सगळ्यांना उघडी करायचा जुना मार्गही बंद झाला. फोटो आणि डाऊनलोडचं सामायिक फोल्डर मात्र चावडीच होतं. त्यावर अँड्रॉइड १० आणि ११ मध्ये बंधनं आली. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायला आपला वेगवेगळा हार्डवेअर पत्ता सांगतो, त्यामुळे एसटी स्टँडवरच्या वायफायला आणि दवाखान्यातल्या वायफायला तोच फोन ओळखणं अवघड जातं.

फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाऊट फोन' उघडून अँड्रॉइडची आवृत्ती आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख बघता येते. तारीख दोन-तीन वर्षं जुनी असेल आणि 'सिस्टम अपडेट'मध्ये नवीन काही येत नसेल, तर त्यानंतर सापडलेल्या त्रुटींच्या दुरुस्त्या त्या फोनपर्यंत पोचलेल्या नाहीत. अशा फोनवर बँकेचं ॲप ठेवायचं की नाही, हे घरात एकदा बसून ठरवावं.