गोरट्याचे हुतात्मा स्मारक

बीदर जिल्ह्यात, बसवकल्याणच्या परिसरात गोरटा हे गाव आहे. मे 1948 मध्ये रझाकारांनी या गावावर हल्ला केला. दोनशेहून अधिक गावकरी त्यात मारले गेले, असे सांगितले जाते. तेथील हुतात्मा स्मारकाची पायाभरणी 17 सप्टेंबर 2014 रोजी झाली आणि 26 मार्च 2023 रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. त्यामुळे हे स्मारक श्रद्धेचे की प्रचाराचे, हा वाद त्याला तेव्हापासून चिकटला आहे.

गेल्या हिवाळ्यात बसवकल्याणचा किल्ला पाहून परतताना आम्ही तेथे थांबलो. सरदार पटेलांचा पुतळा आणि 103 फूट उंचीवरील राष्ट्रध्वज पाहून मान आपोआप लवली. आमच्या आजोबांनी त्याच उन्हाळ्यात दागिने पेवात पुरून कुटुंब बार्शीला हलविले होते. ती कथा आजी आम्हांस अनेकदा सांगे. मात्र पोलीस कारवाईनंतर गावी परतल्यावर शेजारच्या पिंजाऱ्याचे घर ओस का होते, असे विचारले की ती "गेले ते" एवढेच म्हणे आणि कामाला लागे.

त्या दोन शब्दांचा अर्थ आम्हांस फार उशिरा कळला. संस्थान विलीन झाल्यावर केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली. 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 या काळात ती संस्थानात फिरली. पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचली. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशितच राहिला. हिंदू विणकरांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान विणकरांना वाचविल्याची नोंदही त्यात आहे. शिवाय रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये ज्यांची हत्या झाली, ते 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होते, हेही विसरता येत नाही.

गोरट्याच्या मृतांना स्मारक मिळाले, हे योग्यच झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील मृतांसाठी मात्र तेथे एक ओळही आमच्या दृष्टीस पडली नाही.

महसुली नोकरीत आम्ही पहाणी पत्रके तपासत असू. नवे नाव दिसले की पूर्वीचे नाव का कमी झाले, हे विचारणे आमचे कर्तव्य असे. आपल्या जुन्या मराठी घरांत ती पिढी पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. रझाकारांच्या आठवणी त्यांनी आपल्याला दिल्या आहेत. ओस पडलेल्या घरांत कोण राहत होते, हेही त्यांना विचारावे आणि नावानिशी लिहून ठेवावे. आम्ही आजीला पुन्हा विचारले नाही. त्या पिंजाऱ्याचे नाव आज आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही.