काळ्या वाडग्यांची कहाणी

चिनी मातीची भांडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शुभ्र बशी किंवा निळ्या वेलबुट्टीचा प्याला येतो. वर्गातली मुलेही हेच सांगतात. पण सुंग राजवटीच्या काळात (इ. स. ९६० ते १२७९) चीनच्या बादशहापर्यंत पोहोचलेला चहाचा वाडगा चक्क काळा होता. फुजियान प्रांतातील जियानयांग परिसरात तो तयार होत असे.

काळाच का? उत्तर त्या काळच्या चहात आहे. तेव्हा चहा आपल्यासारखा उकळत नसत, गाळत तर नसतच. पत्तीच्या वड्या दळून पूड करायची, वाडग्यात गरम पाणी ओतायचे आणि बांबूच्या रवीने घुसळायचे. वर पांढरा फेस येई. या फेसाच्या शर्यती लागत. ज्याच्या वाडग्यात फेस आधी ओसरून कडेला पाण्याची रेघ दिसे, तो हरला! पांढरा फेस काळ्यावरच उठून दिसणार. फुजियानचाच सुपुत्र असलेल्या त्साय श्यांग या अधिकाऱ्याने अकराव्या शतकात आपल्या चहाविषयक पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिले. जाड घडणीमुळे वाडगा लवकर निवत नाही, हेही त्याने नोंदवले. ११०७ च्या सुमारास खुद्द हुईत्सुंग बादशहाने चहावर ग्रंथ लिहिला आणि याच वाडग्यांना पसंती दिली. काही वाडग्यांच्या बुडाशी दरबारी नजराण्याची अक्षरे कोरलेली सापडतात.

माती लोहयुक्त, झिलईही लोहयुक्त. डोंगरउतारावर अजगरासारख्या पसरलेल्या भट्ट्यांत हजारो वाडगी एका वेळी भाजली जात. उत्खननात सापडलेली एक भट्टी तर १३५ मीटर लांब आहे. सुमारे १३०० अंश उष्णतेत झिलई वितळून ओघळे. तिच्यातल्या बुडबुड्यांबरोबर लोह वर येई आणि सशाच्या केसांसारख्या बारीक रेघा उमटत. कारागिराच्या हाती माती, लाकूड आणि अंदाज एवढेच. रंग आग ठरवी. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी या झिलईत लोहाच्या ऑक्साइडचा असा एक दुर्मीळ प्रकार शोधला, जो आज प्रयोगशाळेतही शुद्ध स्वरूपात करणे कठीण जाते. बादशहाचे नाव उरले. ही वाडगी घडवणाऱ्यांपैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

मग चहाच बदलला. मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाने १३९१ मध्ये चहाच्या वड्यांचा नजराणा बंद करून सुटी पत्ती मागवली. ती भिजवून प्यायची, तिचा रंग पाहायचा, त्याला पांढरा प्यालाच बरा. काळ्या वाडग्याची कद्र संपली.

चीनने जे टाकले ते जपानने जपले. त्येनमू डोंगरावरच्या मठांत शिकायला गेलेल्या जपानी भिक्खूंनी ही वाडगी मायदेशी नेली. म्हणून तिथे त्यांना आजही ‘तेनमोकू’ म्हणतात. काळ्या झिलईवर निळसर तेजाची वर्तुळे असलेली तीन वाडगी तिथे राष्ट्रीय ठेवा मानली जातात. एक तोक्योतील संग्रहात, एक ओसाकाच्या फुजिता संग्रहालयात आणि एक क्योतोच्या दाइतोकुजी मठात आहे. जियानयांगच्या टेकड्यांवर मात्र फुटक्या, फसलेल्या वाडग्यांच्या खापरांचे ढीग पडलेले होते.