शिळेपणाचे कालमापन

'शिळे' या शब्दाचे मूळ संस्कृत 'शीतल'मध्ये सापडते. गार झाले ते शिळे. शास्त्रग्रंथांनी मात्र काळ हे माप धरले. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहाराच्या वर्णनात 'पर्युषित', म्हणजे रात्र उलटलेले, आणि 'यातयाम' हे शब्द येतात. यातयामचा एक अर्थ 'शिजवून प्रहर लोटलेले' असा केला जातो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात स्निग्ध पदार्थांना सवलत आहे. स्वयंपाकघरातील कालमापन असे प्रहर, रात्र आणि तूप यांवर चाले. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी दिली, की तो पुन्हा 'ताजा' होई.

या समजुतीला १९७०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये धक्का बसला. चिनी उपाहारगृहांतील परतलेल्या भाताने अनेकांना ओकाऱ्या झाल्या. शिजवलेला भात तेथे दीर्घकाळ बाहेर ठेवून मग परतला जात असे. 'बॅसिलस सिरियस' या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून तगतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. त्याला वासही नसतो. नाक हे आपले जुने परीक्षक येथे निरुपयोगी ठरते.

भारतात गोदरेजने १९५८ साली रेफ्रिजरेटर तयार केला आणि जे 'शीतल' तेच टिकाऊ ठरू लागले. परंतु थंडी जिवाणूंची वाढ मंदावते, थांबवत नाही; 'लिस्टेरिया' तर थंडीतही वाढतो. म्हणूनच अन्न दोन तासांच्या आत आणि ४ अंश सेल्सिअसच्या आसपास वा त्याखाली ठेवावे, असे सांगतात. अमेरिकेतील अधिकृत सल्ला ३ ते ४ दिवसांचा आहे; ब्रिटनमध्ये भाताला अवघे २४ तास देतात.

शिळे कशाला म्हणायचे या प्रश्नाइतकाच ते कोणाला द्यायचे हा प्रश्नही जुना आहे. गावगाड्यात शिळी भाकर महारवाड्याच्या वाट्याला येई. दलित आत्मकथनांनी त्याची नोंद करून ठेवली आहे. आजही फ्रिजमधील चार-पाच दिवसांची भाजी 'टाकवत नाही' म्हणून कामवाल्या बाईंच्या डब्यात जाते. आपल्या ताटासाठी एक मुदत आणि दुसऱ्याच्या डब्यासाठी दुसरी, हा भेद जिवाणू ओळखत नाहीत. तो आपण अजून जपून ठेवला आहे.